दहाचा पाना आणि दिवेघाट

मी इंदापूर तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. या कार्यक्रमात याआधी मी दोनदा बोलले आहे, एकदा कर्जाच्या हप्त्यांवर आणि एकदा कुरडया साठवण्यावर. आज गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी आता चारचाकी आहे, कुणाची दुधाची, कुणाची शाळेच्या पोरांची. गाडी चालवायला आपण शिकलो. पण ती बंद पडली की आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणाला तरी फोन लावतो. मीही तेच करत होते.

आमच्या गटाचा माल जाऊबाईंच्या गाडीतून जातो. जाऊबाई म्हणजे माझ्या चुलत जाऊ, वयानं मोठ्या, गाडी चालवण्यात आमच्या वाडीत एक नंबर. गाडी जुनी, ओम्नी. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ पासून तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली कंपनीनं ती बंद केली. तरी आपल्या रस्त्यांवर अजून भरपूर दिसते, कारण माल मावतो आणि पार्ट कुठंही मिळतात. गाडी जाऊबाईंच्या नावावर, कर्ज गटाचं, आणि तेव्हा चौदा हप्ते बाकी होते.

गोष्ट डिसेंबरातली. पुण्याच्या भीमथडी जत्रेला आठ दिवस उरले होते. बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही जत्रा भरवतो, तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिथं स्टॉल लावतात. आमचा काळा मसाला, सांडगे, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, सगळं पॅक करून तयार होतं. अशात जाऊबाई संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पॅडल खाली जातंय. दोनदा दाबलं की लागतो ब्रेक."

मी विचारलं, ऑईल बघितलं का? तर म्हणाल्या, "महिन्यात दोनदा टाकलंय की."

इथं जरा थांबते, कारण मूळ चूक इथंच आहे आणि ती आपण सगळ्याच करतो. ब्रेकचं ऑईल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. लायनर झिजतात तसं बाटलीतलं ऑईल हळूहळू, महिनोन्‌महिने, थोडंसं खाली उतरतं. पण महिन्यात दोनदा भरावं लागत असेल, तर ते कुठून तरी गळतंय. वरून भरत राहणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. बॅटरी घेऊन आम्ही चारी चाकांच्या आतल्या बाजूनं बघितलं. मागच्या डाव्या चाकाच्या आतून टायरवर ओला डाग उतरला होता. धूळ चिकटून काळा झालेला. बोटाला लावला तर तेलकट.

नेहमीच्या मिस्त्रींना फोन केला. उसाचा हंगाम, दारात ट्रॅक्टरांची रांग. ते म्हणाले, ताई, चार दिवस तरी हात लागणार नाही, आणि ही गाडी चालवत आणू नका. त्यांचं दोन्ही बरोबर होतं. बारामती-इंदापूर रस्ता हंगामात कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. भवानीनगरपासून निमगाव केतकीपर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मधेच बैलगाड्या, अंधारात मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अशा रस्त्यावर दुसऱ्या दाबाला ब्रेक लागणारी गाडी काढायची नसते, गॅरेजला नेण्यासाठीसुद्धा नाही.

माझं माहेर वालचंदनगर. वडिलांनी तिथल्या कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसानं आपल्या इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर साखर कारखाना आणि गाव वसवलं हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली आणि मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी त्या कंपनीची, हे मला अण्णांनी सांगितलं होतं. आज बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात. म्हणजे गाड्या आपल्या भागाला काही परक्या नाहीत. परके आपण आहोत, बायका.

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "मी येतो. पण माझे गुडघे आता वाकत नाहीत. मी बाजेवर बसणार, हात तुमचे."

रात्री गटाची बैठक बसली. मी सगळं सांगितलं. अर्ध्या जणी गप्प. मग एक मावशी बोलल्या आणि त्यांचं बोलणं मला अजून आठवतं. "लाडू बिघडला तर टाकून देता येतो. तुमच्या हातच्या ब्रेकवर मी दिवेघाट उतरायचा का?"

ठरल्याप्रमाणे आम्ही मोरगाव, जेजुरी, सासवड असं जाणार होतो, कारण सगळ्यांना जेजुरीला खंडोबाचं दर्शन घ्यायचं होतं. त्या वाटेनं पुण्याला जाताना दिवेघाट उतरावा लागतो. माल भरलेली गाडी, आत सहा-सात बाया. मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता. घरचे पुरुषही म्हणत होते की ब्रेकला हात लावू नका, आणि ते नुसतंच बायकांना दाबायचं बोलणं नव्हतं. हेडलाईटचा बल्ब चुकीचा बसवला तर दिवा लागत नाही, एवढंच. ब्रेकचं काम चुकलं तर ते अंगणात कळत नाही, घाटात कळतं.

आमच्या अध्यक्षा काकींनी तोड काढली. म्हणाल्या, "काम करा, पण कुठं थांबायचं ते आत्ताच ठरवा. उद्या हाताला तेल लागल्यावर कुणी थांबत नाही." मग अण्णांना फोनवर विचारून वहीत लिहिलं. ब्रेकची लोखंडी नळी पिळली गेली किंवा तुटली तर तिथंच थांबायचं. ड्रमला तडा दिसला तर थांबायचं. सगळं जोडून झाल्यावर पॅडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली गेलं तर गाडी दाराबाहेर काढायची नाही. आणि सगळं नीट झालं तरी मिस्त्रींनी बघितल्याशिवाय माणसं बसवायची नाहीत. काकींनी खाली सह्या घेतल्या. माझीही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. बाज अंगणात टाकली, चहा झाला. काम सुरू करायच्या आधी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि पुढचे तीन दिवस तीच पुन्हा पुन्हा कामाला आली. ते म्हणाले, "पोरी, गॅरेजातलं प्रत्येक खास हत्यार कशासाठी असतं? जोर योग्य जागी, सारखा लागावा म्हणून. जोर कुठं लावायचाय ते आधी समजून घे. मग घरात काय आहे ते शोध. उलटं करू नकोस."

आणि लगेच म्हणाले, "एका हत्याराला मात्र पर्याय नाही. गाडी ज्यावर उभी राहते ते." जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, डोकं तर नाहीच. विटा लावायच्या नाहीत. वीट एका क्षणात, न सांगता फुटते. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही तसेच. आमच्याकडे लोखंडी स्टँड नव्हते. सुताराकडून बाभळीच्या जाड ओंडक्याचे चार सपाट ठोकळे कापून आणले आणि एकावर एक आडवे-उभे रचून मागच्या ॲक्सलखाली बसवले. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. हँडब्रेक सोडायचा होता, नाहीतर मागचा ड्रम निघत नाही, म्हणून दगडांवरच भिस्त. काढलेलं चाकही गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवलं. ठोकळा घसरलाच तर गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. चाकाचे नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच ढिले करून घेतले होते. हवेतल्या गाडीवर उभं राहून पाना मारायचा नसतो.

चाक निघालं. ड्रम काही निघेना. गंजून आत धरून बसला होता. गॅरेजात त्याला ओढून काढायचं हत्यार असतं. जाऊबाईंचा मुलगा घण घेऊन आला, त्याला अण्णांनी बाजेवरूनच परत पाठवला. ड्रम बिडाचा असतो, फटक्यानं तडकतो. अण्णा म्हणाले, "तोंडावर बघ, दोन बारीक भोकं आहेत का?" होती. मातीनं बुजलेली. खिळ्यानं आणि डिझेलनं साफ केल्यावर आत आटे दिसले. कंपनीनंच ती ठेवलेली आहेत! आठ एमएमचे दोन बोल्ट त्यात पिळत गेलं की बोल्टाची टोकं आत टेकतात आणि ड्रम बाहेर ढकलला जातो. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बोल्ट आणले. इथं एकच खुबी आहे. मोठी कढई दोघी जणी दोन कानांना धरून सारखी उचलतात ना, तसं. एका बोल्टाला अर्धा वळसा, मग दुसऱ्याला अर्धा वळसा. एकच बाजू पिळली तर ड्रम तिरका होऊन जास्तच अडकतो. मधे मधे मी कडेनं लाकडी धोपाटण्यानं हलके ठोके देत होते. पाचव्या की सहाव्या वळशाला टक्क असा आवाज आला आणि ड्रम हातात. मावशी तोवर लांब उभ्या होत्या, त्या जवळ आल्या.

आत काळी धूळ असते. ती फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीला वाईट. साबणाच्या पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसून घेतली, फडकं पिशवीत बांधून टाकलं, तोंडाला रुमाल होताच. मग दिसलं. वरती एक बोटाएवढा सिलेंडर, त्याच्या रबरी टोपणातून ऑईल पाझरत होतं. खाली दोन अर्धगोल शू, त्यांवरचे लायनर ऑईलनं चिंब. तेल लागलेला लायनर कितीही पुसला तरी धरत नाही. नवाच लागतो.

लायनरवरून आठवलं. जर्मनीत बेर्था बेंझ नावाची बाई होऊन गेली. मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी माहेरी घेऊन गेली, मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरावर किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली, एक तार उघडी पडली तर मोज्याच्या पट्ट्यानं झाकली. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले तेव्हा एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचा लायनर तिथून सुरू झाला असं सांगतात. माहेरी जायच्या ओढीनं बाई काय काय शोधून काढते बघा.

असो. उघडताना दोन गोष्टी पाळल्या. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले. आणि उजवं चाक मुद्दाम उघडलं नाही. डाव्याची स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरलं तर उजवं चाक उघडून बघता येतं. दोन्ही एकदम उघडली तर कुणाला विचारणार? शूच्या स्प्रिंगा ताणून काढायला वेगळी पक्कड असते. आम्ही शेळीच्या दाव्याची नायलॉनची दोरी स्प्रिंगच्या आकड्यात अडकवली, दुसरं टोक डिसमिसच्या मुठीला गुंडाळलं आणि जाऊबाईंनी ओढलं. दोघींच्याही डोळ्यांवर पोरांचे गॉगल होते. हसण्यासारखं दिसत होतं, पण सुटलेली स्प्रिंग डोळ्यात गेली तर गावात इलाज नाही. शू धरून ठेवणाऱ्या पिनेचं डोकं चपटं असतं. मागून बोट लावायचं, पुढून पकडीनं दाबून पाव वळसा फिरवायचं, की सुटते.

आता खरी अडचण. सिलेंडरचं नुसतं रबरी किट बदलून भागेल असं मला वाटत होतं, शेकड्यात काम होतं. पण आतली रबरं काढून बॅटरी मारली तर भिंतीला गंजाचे खड्डे. बोट फिरवलं तर खरखर लागली. अशा खड्ड्यांवर नवं रबर टिकत नाही, महिन्याभरात पुन्हा गळतं. म्हणजे अख्खा सिलेंडर बदलायचा. आणि त्याला मागून ब्रेकची नळी जोडलेली असते, एका लहानशा दहाच्या नटनं.

मैत्रिणींनो, तो नट. वर्षानुवर्षं चिखल खाऊन नळीशी एकजीव झालेला. मी दहाचा साधा पाना लावला, जोर केला, आणि पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा जोर, आणि हाताला जाणवलं की नटाचे कोन घासले जातायत. लोणी कापल्यासारखं मऊ वाटलं. अण्णा ओरडले, "थांब! हात काढ!"

मला राग आला होता. अंधार पडत आलेला, गाडी ठोकळ्यांवर, पोरं भुकेली, आणि जत्रेला सहा दिवस. आणखी एक जोर मारला तर सुटेल असं आतून वाटत होतं. तो एक जोर मारला असता तर नट गोल झाला असता किंवा नळी पिळून तुटली असती. वहीतली पहिली अट. मी पाना खाली ठेवला आणि भाकरी टाकायला गेले. नटावर डिझेल सोडून, फडकं गुंडाळून रात्रभर ठेवलं. शेजारचे एक जण म्हणाले, गॅसची ज्योत मारा, लगेच सुटेल. त्यांना हात जोडले. आत ब्रेक ऑईल आहे, ते पेट घेतं.

सकाळी अण्णांनी उपाय सांगितला. साध्या पान्याला दोन जबडे असतात, तो नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना चारी बाजूंनी, सगळ्या कोनांना धरतो, म्हणून तो निसटत नाही. पण रिंग नळीवरून आत जाणार कशी? नळी तर मधे आहे. गॅरेजात यासाठी वेगळा पाना मिळतो, रिंगच, पण एका ठिकाणी खाच असलेली. आमच्या डब्यात दहाचा एक जुना, गंजका रिंग पाना होता. तो घेऊन मी वाडीतल्या वेल्डिंगवाल्या भाऊंकडे गेले. नळीच्या जाडीएवढी खाच ग्राइंडरनं मारून दिली. वीस रुपये. ते म्हणाले, "वहिनी, चांगला पाना कशाला कापताय?" मी म्हटलं, हा आजपासून चांगला झाला.

खाच नळीवरून सरकवली, रिंग नटावर बसवली, वरून धोपाटण्यानं दोन टिचक्या मारून घट्ट केली. श्वास धरला. एकदम जोर नाही, थोडा पुढं, थोडा मागं. गंज मोडताना चिर्र असा आवाज येतो, तो आला. नट फिरला. नळी फिरतेय का बघितलं. नाही, नटच फिरत होता. जाऊबाईंनी मला मिठी मारली, त्या तेलकट हातांनी. नवी साडी नव्हती म्हणून बरं.

नळी उघडी पडली की तिच्यातून ऑईल थेंब थेंब गळतं. सिलेंडरच्या हवा काढायच्या निपलवर एक छोटं रबरी टोपण असतं, तेच नळीच्या तोंडावर बसवलं. नवा सिलेंडर लावताना नट आधी बोटांनी चार आटे फिरवून घेतला, तोवर सिलेंडरचे बोल्ट ढिलेच ठेवले. पान्यानं सुरुवात केली तर आटे तिरके बसतात आणि मग सगळंच गेलं. उजव्या बाजूचा सिलेंडर कोरडा होता, पण शू दोन्हीकडचे बदलले. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना लायनर असला तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. शू, सिलेंडर, ऑईल, बोल्ट, पान्याची खाच, सगळं मिळून खर्च बाराशेच्या आत आला, पावत्या गटाच्या फाईलला आहेत.

मग हवा काढायची. नळी उघडली म्हणजे आत हवा शिरली, आणि हवा दबते, ऑईल दबत नाही. हवा राहिली तर पॅडल स्पंजासारखं लागतं. याला मशीन असतं, पण दोन माणसं असली की मशीन लागत नाही. निपलला सलाईनची पारदर्शक नळी लावायची, दुसरं टोक थोडं ब्रेक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एक जण सीटवर, एक जण चाकाशी. पॅडल दाबून धरायचं, मग निपल उघडायचा, बुडबुडे निघतात, निपल बंद करायचा आणि मगच पाय सोडायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर निघालेली हवा परत आत. लांबच्या चाकापासून सुरुवात.

सीटवर मावशी बसल्या होत्या. हो, त्याच. मी म्हणायचे "दाबा", त्या म्हणायच्या "दाबलं", आणि मी निपल बंद करायच्या आत पाय उचलायच्या. पंधरा-वीस वेळा केलं तरी बुडबुडे संपेनात. मग जाऊबाई म्हणाल्या, मावशी, जात्यावर दोघी बसतात तसं करा, एकीचा हात थांबल्याशिवाय दुसरीनं खुंटा सोडायचा नाही. त्यानंतर मावशी "धरलंय गं, धरलंय" म्हणत राहायच्या आणि मी "सोडा" म्हटल्यावरच सोडायच्या. दहा मिनिटांत स्वच्छ ऑईल यायला लागलं. मधे मधे वरची बाटली भरत राहायची, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात.

ऑईलचं जरा नीट ऐका. बाटलीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं, आमच्या गाडीला डॉट ३. इंजिन ऑईल, खायचं तेल, रॉकेल यातलं काहीही तिथं टाकायचं नाही. इंजिन ऑईल आणि रॉकेलनं आतली रबरं फुगतात आणि सगळी ब्रेक लाईन बाद होते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मागच्या वर्षीची फोडलेली बाटली वापरायची नाही. ते विषारी असतं, तेव्हा निघालेलं ऑईल पोरांच्या हाताशी ठेवू नका, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. आमच्या गाडीच्या कडेला एक पट्टा उडालेला आहे, तो त्याचाच.

सगळं जोडल्यावर जाऊबाईंनी पॅडल दाबून धरलं, मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं. पॅडल जागच्या जागी. मग शाळेच्या मैदानावर, रिकामी गाडी, पायी चालायच्या वेगानं, थोड्या वेळानं जरा जास्त. पहिले काही ब्रेक बोथट लागले, नवा लायनर बसायला वेळ घेतो. नंतर गाडी जागेवर थांबायला लागली.

चौथ्या दिवशी मिस्त्री मोकळे झाले आणि स्वतःच आमच्याकडे आले. जाऊबाईंबरोबर पाच किलोमीटर फिरून आले आणि उतरल्याबरोबर मागच्या चाकांना हात लावला. डावं चाक गरम होतं. ड्रम निघावा म्हणून आम्ही हँडब्रेकची केबल ढिली केली होती, आणि परत आवळताना मावशींनी हौसेनं जास्तच आवळली होती. नवे लायनर जाड, त्यामुळे ते सतत घासत होते. तसंच गेलो असतो तर लांबच्या प्रवासात ड्रम तापून ब्रेकच गेले असते. मिस्त्रींनी नट दोन वळसे ढिला केला, चाक हातानं फिरवून दाखवलं. बाकीच्या कामात त्यांनी काही हात घातला नाही. कापलेला पाना मात्र बराच वेळ उलटसुलट करून बघत होते.

मला विचाराल तर त्या गरम चाकाची मला लाज वाटली नाही, भीती वाटली. पॅडल घट्ट होतं, गाडी थांबत होती, आम्हाला सगळं बरोबर वाटत होतं. वहीत चौथी अट नसती तर आम्ही निघालो असतो.

बैठकीत मार्गावर पुन्हा चर्चा झाली. मावशी म्हणाल्या, आता मी दिवेघाट उतरायला तयार आहे. काकी म्हणाल्या, तुम्ही असाल, मी नाही. शेवटी जाताना भिगवण, पाटस, यवत असं सोलापूर हायवेनं गेलो, सरळ सपाट रस्ता. यवतला चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांना हात लावून बघितला, नट पुन्हा आवळले. जत्रेत काळा मसाला तिसऱ्याच दिवशी संपला, सांडगे थोडे परत आणले. येताना गाडी रिकामी होती आणि दिवेघाट चढायचा होता, उतरायचा नव्हता. म्हणून तिकडून आलो आणि जेजुरी केली. गडाच्या पायऱ्या चढताना मावशी म्हणत होत्या, "धरलंय गं, धरलंय."

तो दहाचा पाना, दोन बोल्ट आणि सलाईनची नळी आता ग्रामसंघाच्या कपाटात एका डब्यात ठेवली आहे, बाभळीचे ठोकळे बाहेर ओट्याखाली आहेत. कुठल्याही गटाला लागले तर रजिस्टरवर सही करून न्या, आणि परत आणताना पुसून आणा.